झारी आणि शुक्राचार्य

आमच्या बागेत फुलझाडांपेक्षा पाट्यांची लागवड जास्त यशस्वी झाली आहे. फाटकातून आत शिरलं की पहिली पाटी 'फुले तोडू नयेत' अशी विनंती करते. चार पावलांवरची दुसरी 'फुले तोडणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल' असा दम देते. तिसरी गुलाबाच्या वाफ्यात आहे आणि ती थेट धर्मशास्त्रात शिरते: 'चोरीची फुले देवाला चालत नाहीत.' त्या वाफ्यात आता पाटीच तेवढी उरली आहे. पुढे कडुनिंबाच्या बुंध्यावर 'झाडांना इजा करू नका' असा फलक आहे. तो वाऱ्याने हलू नये म्हणून चार दणदणीत खिळे ठोकले आहेत.

पुण्यात 'अंघोळीची गोळी' नावाची एक संस्था आहे. नावावरून ती औषधाची कंपनी वाटते, पण अंघोळीला अधूनमधून सुट्टी देऊन पाणी वाचवा, असं सांगत ही तरुण मंडळी उभी राहिली. पुढे त्यांनी पक्कड हातात घेऊन झाडांना मारलेले खिळे उपटायची मोहीम काढली. आमच्या बागेत ती मुलं आली असती, तर त्यांनी सर्वांत आधी 'झाडांना इजा करू नका' हाच फलक खाली उतरवला असता आणि आमच्या समितीने फलकाचं नुकसान केलं म्हणून त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला असता.

समितीची हकीकत पुढे येईलच. आधी बागेची ओळख करून देतो. प्रभागातली साधी, दीड-दोन एकरांची बाग. चालायला गोल रस्ता, मधोमध हिरवळ (पावसाळ्यात हिरवी, एरवी खाकी), घसरगुंडी, दोन झोके, व्यायामाची लोखंडी यंत्रं, एक कारंजं. कारंज्यातून पाणी उडताना पाहिलेले काही ज्येष्ठ नागरिक अजून हयात आहेत. बाग सार्वजनिक आहे, आणि या गोष्टीचा आम्ही आमच्या सोयीने अर्थ लावतो. काही न्यायचं असेल तेव्हा ती आपली असते. काही करायचं असेल तेव्हा महापालिकेची.

न्यायची मुख्य वस्तू म्हणजे फुलं. पहाटे फाटक उघडतं न उघडतं तोच काकू येतात. हातात काठी, काठीच्या टोकाला तारेची आकडी, खांद्याला कापडी पिशवी (प्लास्टिक वापरत नाहीत, पर्यावरणाची जाण आहे). जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत असा त्यांचा मार्ग ठरलेला. "काकू, पाटी वाचली का?" असं विचारलं तर त्या शांतपणे म्हणतात, "वाचली की. तोडू नयेत लिहिलंय. मी खुडते." वर, देवाची फुलं आहेत, ती देवालाच चाललीत, मध्ये तुम्ही कोण, असं एक बिनतोड न्यायशास्त्र. प्राजक्ताचं प्रकरण तर पुराणकाळापासूनच वादाचं. झाड सत्यभामेच्या दारात आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात. आमचा प्राजक्त कुंपणाला लागून आहे आणि त्याचा सडा शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडतो. त्यावरून बाग आणि सोसायटी यांच्यात रीतसर पत्रव्यवहार झालेला आहे. फुलं कोणाची, यावर सोसायटीचं म्हणणं 'आमची'. पानगळ कोणाची, यावर सोसायटीचं म्हणणं 'बागेची'.

काकूंची पिशवी भरेपर्यंत हास्यक्लबची मंडळी जमतात. हा प्रकार जगाला आपल्या महाराष्ट्राने दिला, हे फार जणांना माहीत नसतं. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला रीतसर विनोद सांगून हसायचे. पण दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले, वाईट सुरू झाले, आणि लोकांची तोंडं वाकडी होऊ लागली. तेव्हा विनोद वगळून नुसतंच हसायचं ठरलं आणि क्लब जगभर पसरले. विनोदी लेखकाने या घटनेवर फार विचार करू नये. आमच्या क्लबात अण्णा पुढे उभे राहून 'सिंहहास्य' म्हणतात आणि तीस-चाळीस माणसं जीभ बाहेर काढून गर्जना करतात. पलीकडच्या इमारतीत रात्रपाळी करून आलेली संगणकवाली मुलं त्या वेळी जे बोलतात, ते इथे लिहिता येत नाही.

अशा या नांदत्या बागेत एका वर्षी लोकसहभाग आला. उद्यान विभागाचे एक अधिकारी पाहणीला आले होते. भला माणूस. जाता जाता ते म्हणाले, "बाग तुमचीच आहे, तुम्ही थोडं लक्ष घाला." मराठी माणसाला असं कधीही म्हणू नये. त्याच संध्याकाळी समिती झाली.

अध्यक्ष म्हणून निवृत्त अभियंता असलेल्या साहेबांची एकमताने निवड झाली, कारण ठराव त्यांनीच मांडला आणि अनुमोदनही त्यांनीच दिलं. कार्याध्यक्ष एक. उपाध्यक्ष दोन, एक पूर्वेच्या फाटकाचे आणि एक पश्चिमेच्या. सचिव, सहसचिव, प्रसिद्धिप्रमुख, आणि निधी नसल्यामुळे अत्यंत निष्कलंक असे खजिनदार. ज्यांना पद मिळालं नाही ते रुसले, म्हणून त्यांना सल्लागार मंडळावर घेतलं. साधा सदस्य व्हायला मात्र कोणीच मिळेना. अखेरीस माळीमामांचं नाव सदस्य म्हणून लिहिलं. त्यांना हे बरेच महिने माहीत नव्हतं.

व्हॉट्सॲपचा गट झाला. सकाळी सहापासून त्यावर गुलाबांची चित्रं पडू लागली. आमच्या बागेत फुललेली एकूण फुलं आणि गटावर फुललेली फुलं यांची तुलना केली, तर आमची खरी बाग मोबाइलातच आहे असं म्हणावं लागेल. मूळ विषयावरही चर्चा होई. 'कारंजं कधी सुरू होणार?' असं कोणी विचारलं की सात जण अंगठा दाखवत, दोघे 'अगदी बरोबर' म्हणत, आणि एक जण भलत्याच गटावर पाठवायचा निरोप इथे टाकून माफी मागे. मग विषय त्या निरोपावर जाई.

पहिलं कार्य अर्थातच वृक्षारोपण. ५ जूनला पर्यावरण दिन असतो. त्या दिवशी आमच्याकडे पाऊस नसतो, पण पाहुणे मोकळे असतात. प्रश्न आला, झाड कोणतं लावायचं? यावर जी सभा झाली तिचं टिपण कोणी ठेवायला हवं होतं.

वड नको, मुळं भिंत फोडतात. पिंपळ नको, त्यावर मुंजा असतो (हे म्हणणारे गृहस्थ भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते). उंबर नको, फळं पडून चिकट होतं. जांभूळ नको, मुलं चढतात. आंबा नको, मोठी माणसं चढतात. शेवगा नको, मोडतो. सप्तपर्णीवर सभा दुभंगली. ऑक्टोबरात हे झाड रात्री फुलतं तेव्हा निम्म्या लोकांना तो दरवळ वाटतो आणि निम्म्यांचं डोकं धरतं. निलगिरी नको, ऑस्ट्रेलियाची. गुलमोहर मात्र सगळ्यांना हवा होता, कारण तो आपला आहे. मागे बसलेली वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी म्हणाली, "काका, गुलमोहर मादागास्करचा आहे." सभा सुन्न झाली. ज्या झाडावर निम्मी मराठी प्रेमकविता पोसली, ते आफ्रिकेच्या बाजूचं निघालं! मुलीने लगेच रेन ट्री अमेरिका खंडातला आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा असंही सांगून टाकलं. एका सल्लागारांनी 'हल्ली ही मुलं वाचतात फार' असा शेरा मारला.

प्रसिद्धिप्रमुखांनी कोनोकार्पस सुचवला. झटपट वाढतो, बाराही महिने हिरवागार, रस्त्यांच्या कडेला शोभतो. हे खरंच आहे. तो इतका झटपट वाढला की २०२३मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ही माहितीही त्या मुलीनेच दिली. तेव्हा साहेब चिडून म्हणाले, "मग तूच सांग." ती म्हणाली, "तामण लावू. देशी आहे, बेताच्या उंचीचं आहे, उन्हाळ्यात जांभळं फुलतं." "हे कुठलं नवीन काढलंस?" तिने सांगितलं की तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. पुढे कोणीच काही बोललं नाही. राज्यफुलाला विरोध केला तर अस्मितेचा प्रश्न येतो. ठराव मंजूर.

एकूण चर्चेचा अर्थ लावला तर आम्हाला असं झाड हवं होतं, ज्याला सावली असेल पण फांद्या नसतील, फुलं असतील पण पाकळ्या पडणार नाहीत, पक्षी यावेत पण त्यांनी खाली गाडीवर काही करू नये. अशी झाडं हॉटेलांच्या स्वागतकक्षात असतात.

पर्यावरण दिनी पाहुणे आले, एका रोपाला अकरा हात लागले, छायाचित्रकाराने 'साहेब, थोडं रोपाकडे बघा' असं सांगितलं. बारा तामणी लागल्या. गंमत अशी की त्याच महिन्यात त्याच समितीने दुसरा अर्जही केला: बागेतल्या रेन ट्रीच्या फांद्या शेजारच्या इमारतीच्या सोलर पॅनेलवर सावली टाकतात, तरी त्या छाटाव्यात. महाराष्ट्रात १९७५ सालापासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. फांदी तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड लावायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि ते जगवायलाही कोणी विचारत नाही. कायद्याला तरी काय काय सांगायचं? 'झाडं वाढवा' आणि 'झाडं छाटा' या दोन्ही पत्रांवर सही एकच, शाईही एकच. आवक-जावकच्या कारकुनाने ती दोन्ही एकाच फायलीत लावली, हा त्याचा मोठेपणा.

मग आला पाचोळा. हा विषय वरवर क्षुल्लक वाटतो, पण बागेचं अर्धं आरोग्य त्याच्यावर आहे. आमच्याकडे स्वच्छतेची कल्पना ओट्यावरून आली आहे: पुसून लखलखीत, वर काही पडलेलं नको. जमीन तशी ठेवली की ती उन्हात तापते, तडकते, पाणी धरत नाही. पाचोळा झाडाखालीच पसरून ठेवला तर ओल टिकते, तो कुजून खत होतं, गांडुळं येतात, आणि गांडुळांमागे भारद्वाज येतो. हे सगळं फुकट. आम्ही मात्र माळीमामांकडून रोज झाडून घ्यायचो, ढीग करायचो, आणि तो कोणाच्या तरी हातून संध्याकाळी 'आपोआप' पेटायचा. २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजार रुपये दंड सांगितला. पाचोळा आपोआप पेटत असल्याने दंड कोणाला करायचा, हा प्रश्न राहतोच.

पुण्यातल्या 'ब्राऊन लीफ' या गटाने यावर साधी युक्ती काढली. ज्यांना पाचोळा नको आणि ज्यांना हवा, त्यांची गाठ घालून द्यायची. एकाच्या दारचा कचरा दुसऱ्याच्या गच्चीवरच्या बागेत जातो. ते वाचून आम्हीही बागेच्या कोपऱ्यात जाळीचा हौद केला: खाली पाचोळा, वर थोडं शेण, ओल, पुन्हा पाचोळा. चार दिवसांत हौद भरला. वर पाहिलं तर निर्माल्य, निर्माल्याच्या पिशवीला बांधलेला नायलॉनचा दोरा, काच फुटलेला दत्ताचा फोटो, तीन नारळ, एक जुनी चप्पल आणि सत्यनारायणाच्या पूजेतला केळीचा खुंट. त्यातला खुंट कुजला. बाकीच्या सामग्रीबद्दल हौदावर एक नवी पाटी लावण्यात आली.

बाकांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. लोकसहभागातून बाक मिळाले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर 'कै.' अमुक यांच्या स्मरणार्थ, खाली देणगीदार मुलगा, सून आणि नातवंडं. संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसायला येतात तेव्हा कोणत्या कै.ना टेकायचं, याचा विचार करून बसतात. एक आजोबा तर स्पष्टच म्हणतात, "मी यांच्या बाकावर बसणार नाही, यांनी हयातीत माझे पैसे बुडवलेत." न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातही हीच तऱ्हा आहे, फक्त तिथे एका बाकावरच्या छोट्या पट्टीसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. पण ते पैसे बाक करण्यापुरते नसतात. त्यातून तो बाक आणि त्याच्या भोवतालची जागा पुढे सांभाळली जाते. आमच्याकडे दाता बाक देतो आणि निघून जातो. फळी तुटली की कै.च उघडे पडतात.

झुडपांवरून झालेला वाद मात्र मला अजून सलतो. बागेच्या मागच्या बाजूला कडुमेंदीचं दाट, डोक्याइतकं कुंपण होतं. त्याआड कॉलेजातली मुलं-मुली बसतात, असा शोध उपाध्यक्षांना (पश्चिम फाटक) लागला. 'संस्कृती' हा शब्द सभेत इतक्या वेळा आला की पाणी, खत आणि माती या तिघांना मिळूनही तितका वाव मिळाला नाही. ठराव झाला: झुडपं गुडघ्यापर्यंत छाटावी. छाटली. मुलं-मुली तिथून उठून समोरच्या बाकावर, म्हणजे एका कै.वर, उजेडात बसायला लागली. गेले ते बुलबुल आणि शिंपी, ज्यांची घरटी त्या दाटीत होती. आणि रस्त्यावरची धूळ आणि हॉर्न आता थेट हास्यक्लबच्या तोंडात जातात. बाग कशाने सुरक्षित होते? तिथे सतत माणसांचा वावर असल्याने. दिवे लागल्याने, फाटक दुपारीही उघडं राहिल्याने, भेळवाला बाहेर उभा असल्याने. चार तरुण जोडपी बसलेली बाग, मला विचाराल तर, रिकाम्या बागेपेक्षा आईबापांना जास्त निर्धास्त करणारी असते. हे मी सभेत म्हटलं. इतिवृत्तात 'एका सदस्याने विषयांतर केले' अशी नोंद आहे.

एव्हाना डिसेंबर संपून उन्हं तापू लागली होती आणि बारापैकी बऱ्याच तामणी काड्या झाल्या होत्या. पावसाळ्यात लावलेलं रोप पावसाळ्यात कोणीही जगवतं, परीक्षा असते ती फेब्रुवारीपासून. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की झाड स्वतःचं स्वतः बघतं. तेवढंच करायचं असतं, आणि तेवढंच कोणी करत नाही, कारण चैत्रातल्या दुपारी पाणी घालणाऱ्याचा फोटो काढायला पाहुणे येत नाहीत. समितीने पाण्यावर तातडीची सभा घेतली. महापालिका बागांसाठी सांडपाणी शुद्ध करून टँकरने द्यायला तयार होती. एका सल्लागारांना त्याचा वास आला. टँकर अजून यायचा होता, तरी आला. दुसऱ्यांनी ठिबक सिंचनाचं अंदाजपत्रक मागवलं. तिसऱ्यांना ते महाग वाटलं. चौथ्यांनी उपसमिती नेमली. बळीने झारीतून दानाचं उदक सोडायला घेतलं, तेव्हा तोटीत एकच शुक्राचार्य बसले होते आणि दर्भाच्या एका काडीने काम झालं. आमच्या झारीत आठ पदाधिकारी आणि सल्लागार मंडळ होतं.

इथे थोडं जग फिरून येऊ. सेंट्रल पार्क म्हणजे ८४३ एकर. १९७०च्या दशकात त्याची पार रया गेली होती: वाळलेली हिरवळ, फुटके दिवे, रंगवलेल्या भिंती, संध्याकाळनंतर जायची भीती. शहराची तिजोरी रिकामी. १९८०मध्ये नागरिकांनी एक संस्था काढली, देणग्या गोळा केल्या, स्वयंसेवक जमवले. हे आम्हीही करू शकतो, केलंही. पण त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बागेचे ४९ तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक माळी नेमून दिला. त्या तुकड्यातलं गवत, झाड, बाक, कागदाचा कपटा, सगळ्याला जबाबदार तो. स्वयंसेवक त्याच्या हाताखाली. सल्ला द्यायला त्याच्या डोक्यावर नाही, हाताखाली.

लांब जायलाही नको. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३०ची आहे, म्हणजे पुण्याच्या नगरपालिकेहूनही जुनी. राज्यं बदलली, राणी गेली, आणि जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन आजही गर्दी खेचतं. मुंबईत ओव्हल मैदानासाठी तिथले रहिवासी झगडले आणि मग देखभालीची जबाबदारीही त्यांनी अंगावर घेतली. राणीच्या बागेतल्या जुन्या झाडांसाठी काही नागरिकांनी, त्यांत स्त्रिया पुढे होत्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांनी आधी एकेक झाड नावानिशी ओळखून घेतलं. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी भांडता येत नाही, हे आमच्या समितीला कळायला अवकाश आहे. आमच्याकडे झाडांच्या तीन जाती आहेत: अशोक, नारळ आणि 'हे मोठं'.

आमच्या बागेत ४९ तुकड्यांचा सिद्धांत आणला तो माळीमामांनी, न्यूयॉर्कला न जाता. उपसमितीचा अहवाल येईपर्यंत थांबणं त्यांना परवडत नव्हतं. एका सकाळी त्यांनी काकूंना गाठलं. ते भांडले नाहीत. म्हणाले, "बाई, ही जास्वंदीची ओळ आजपासून तुमची. पाणी तुम्ही घाला, फुलं तुम्ही न्या. खालच्या निम्म्या कळ्या तेवढ्या ठेवा." आता काकू पहाटे साडेपाचला येतात त्या पहारा द्यायला. परवा एका गृहस्थाने जास्वंदीकडे नुसतं पाहिलं, तर त्याला त्यांनी जे ऐकवलं ते कुठल्याही पाटीवर मावणार नाही. दुसऱ्यांच्या ओळीतली तगर त्या अजून खुडतात. ओळ वाटून दिली, स्वभाव वाटून देता येत नाही.

हास्यक्लबला मामांनी नळीवर लावलं. प्राणायामाआधी दहा मिनिटं नळी धरायची, मग सिंहहास्य. अण्णांना भीती होती की निम्मी मंडळी गळतील. निम्मी गळलीच. उरलेल्यांचा तामणीवर जीव जडला आहे आणि कोणाची तामण किती पानांची यावरून त्यांच्यात चक्क अबोला झालेला आहे, जो हास्यक्लबच्या घटनेत बसत नाही. वनस्पतिशास्त्रवाल्या मुलीने शाळेतल्या मुलांना घेऊन झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि सुतळीने बांधल्या. खिळा एकही नाही. व्यायामाच्या यंत्रांना तेल घालायचं काम ज्या तरुण मंडळाकडे होतं, त्यांनी त्याचं एक चलच्चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं, त्याला खूप दाद मिळाली, आणि यंत्रं अजून करकरतात. सगळं गोड झालं असं नाही. पाचोळ्याच्या हौदात परवा पुन्हा एक चप्पल आली, बहुधा आधीचीच जोडी पूर्ण करायला. कारंजं बंदच आहे. बारापैकी सात तामणी जगल्या, पाच गेल्या.

साहेबांना मामांनी कोणताच तुकडा दिला नाही. त्यांच्याकडे 'देखरेख' दिली. ते रोज संध्याकाळी एक फेरी मारतात, प्रत्येक ओळीपाशी थांबून 'छान, छान' म्हणतात. याचाही उपयोग होतो. साहेब येणार म्हणून लोक पाणी घालून ठेवतात. समितीची सभा गेल्या दिवाळीपासून झालेली नाही, आणि बागेच्या एकूण प्रकृतीशी याचा संबंध असावा असं माझं मत आहे. खजिनदारांकडे अजून निधी नाही. त्यांनी अनंताची दोन झाडं घेतली आहेत आणि रोज किती बादल्या पाणी घातलं याचा जमाखर्च वहीत लिहितात.

लोकांनी बागेला मदत करायची तर काय करायचं, असं मला आता कोणी विचारलं तर मी त्याला समितीकडे पाठवत नाही, माळ्याकडे पाठवतो. आणि महापालिकेकडे काही मागायचंच असेल तर कारंजं मागू नये, आणखी एक माळी मागावा. दीड-दोन एकरांना एकटे मामा पुरत नाहीत. त्यांच्या वयाकडे बघता, त्यांच्या हाताखाली कोणीतरी आत्ताच शिकायला हवं.

तूर्त दक्षिणेकडच्या कुंपणालगतचा तुकडा मोकळा आहे. तिथे दोन तामणी, एक बहावा आणि छाटलेली कडुमेंदी आहे. ती पुन्हा वाढू द्यायची असं मामांनी परस्पर ठरवलं आहे, कोणाला सांगू नका. उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी लागेल. यायचं तर सकाळी सातच्या आत या, नळाला दाब तेव्हाच असतो. आणि झारी घरून आणा. बागेतल्या झारीची तोटी तुंबली आहे.